लेहपर्यंत तंबूत झोपत जायचं म्हणतायत, आणि भीती मलाच वाटायली

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४३, तालुक्याच्या गावाला खत-बियाण्याचं दुकान, सोबत थोडी शेती. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत, मुलगा सहावीत. मागच्या दसऱ्याला सात सीटर गाडी घेतली, आणि आता उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच गाडीने लेहपर्यंत जाऊन यायचं असं घरात ठरलंय, साधारण वीस-बावीस दिवस. बायको आणि मुलं म्हणतात वाटेत हॉटेल करायचंच नाही, रोज तंबू ठोकायचा, पैसेही वाचतील. व्हिडिओ बघून सामानाची यादी पण तयार आहे. घरातल्या कुणीच आजवर तंबूत एक रात्र काढलेली नाही. ते लिहितात, "मी शेतकऱ्याचा पोरगा, जागलीला शेतातल्या आखाड्यावर झोपत मोठा झालो, अंधाराची का इच्चूकाट्याची भीती कधी वाटली नाही. पण लेकराबाळांना घेऊन परमुलखात कापडाच्या घरात झोपायचं म्हणलं की पोटात गोळा यायलाय. बोलून दाखवलं तर पोरं हसतात, बायको म्हणते तुम्हाला कुठं जायचंच नसतं. आता सरळ नाही म्हणून टाकू का गपगुमान त्यांच्या मनासारखं करू?"

दादा, तुम्ही दोनच रस्ते लिहिलेत आणि मला त्यातला एकही पटला नाही. सरळ नाही म्हणालात तर पुढची दोन वर्षं घरात जेवायला बसलं की तोच विषय निघणार. गपगुमान गेलात तर त्याहून वाईट, कारण गाडी तुम्ही चालवणार, आणि धास्तावलेला माणूस रात्री झोपत नाही, आणि रात्री न झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर स्टिअरिंगवर पेंगतो. रोज साडेचारशे-पाचशे किलोमीटर जायचं असेल तर तुमची झोप ही त्या गाडीतल्या चौघांच्या जिवाची गोष्ट आहे, तिच्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

तुम्ही घरी नक्की काय बोललात ते पत्रात नाही, पण मला वाटतं "मला काही बरोबर वाटत नाही" एवढंच बोलला असाल. एवढ्यावर पोरं हसणारच हो. त्यापेक्षा एक वही घ्या आणि काय काय मनात येतं ते प्रश्न म्हणून लिहा. मुलीला रात्री दोनला बाथरूमला जायचं झालं तर कुठं जायचं आणि सोबत कोण जाणार? कुणी पिऊन आलं आणि तंबूपाशी घुटमळायला लागलं तर? पोराला ताप भरला तर दवाखाना किती लांब? वारं सुटून तंबू पडला तर रात्री कुठं झोपायचं? गाडी कुठल्या तोंडाने लावायची? ही वही बायको-मुलांसमोर ठेवा आणि म्हणा की याची उत्तरं आपण चौघं मिळून शोधू. व्हिडिओत यातलं काही दाखवत नाहीत, तिथं फक्त सकाळचा चहा आणि मागे डोंगर. खरं सांगते, ज्या घरात असे प्रश्न विचारणारं एक माणूस असतं त्या घराची ट्रिप नीट होते, आणि तुमच्या घरात ते माणूस तुम्ही आहात.

आता आखाड्याचं. आखाड्यावर झोपता तेव्हा काय काय ओळखीचं असतं ते बघा ना. बाज असते म्हणजे अंग जमिनीपासून वर. कुत्रं आपलं असतं, कुणावर भुंकायलंय ते आवाजावरून कळतं. शेजारच्या शेतातली मोटार बंद पडली की लाइट गेली हे झोपेत सुद्धा समजतं. आणि चारी बाजूला नजर जाते. तंबूत नेमकं उलटं होतं, ऐकू सगळं येतं आणि दिसत काहीच नाही, कापड नुसतं फडफडलं तरी कुणीतरी चालत आल्यासारखं वाटतं. पहिल्या रात्री बहुतेकांना डोळा लागत नाही, त्यात शेतकऱ्याचा पोरगा असो का शहरातला. म्हणजे उघड्यावर झोपायची सवय आहे म्हणून तंबूची पण सवय आहे असं जे घरात सगळ्यांनी धरून चाललंय, तुम्ही सुद्धा, ते सोडून द्या.

आणि एका बाबतीत तंबू तुमच्या सवयीपेक्षा जास्त सुरक्षित आहे. मण्यार कशी रात्रीची येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको, चावल्याचं कळत पण नाही पुष्कळदा. खाली तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू असेल तर साप-विंचू आत येत नाही, फक्त चेन एक वीतभर सुद्धा उघडी सोडायची नाही आणि बूट बाहेर ठेवले तर सकाळी झटकूनच पाय घालायचा. त्यातूनही काही झालंच तर दोरी बांधणं, कापणं, मांत्रिक यात वेळ न घालवता सरळ दवाखाना. आपल्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, त्याआधी लाल विंचू चावून माणसं किती दगावायची हे जुन्या लोकांना विचारा. उपचार आहेत, वेळेत पोचायला पाहिजे एवढंच. १०८ आणि ११२ नंबर मुलांना सुद्धा पाठ पाहिजेत, आणि नॅशनल हायवेवर गाडीचं काही झालं तर १०३३.

आता वहिनींच्या प्लॅनमधली जी गोष्ट मला खरंच बदलावीशी वाटते ती म्हणजे "रोज तंबू". तुम्ही नांदेड-यवतमाळ-वर्धा करत नागपूरला जाणार आणि तिथून ४४ नंबरचा हायवे धरणार असं धरून बोलते, तो सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली करत थेट श्रीनगरपर्यंत जातो. श्रीनगर सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. मे महिन्यात हा सगळा पट्टा तापलेला असतो, दुपारी ४४-४५ आणि रात्री सुद्धा जमीन गरम. अशात तंबूत चौघं झोपायचं म्हणजे कुणालाच झोप नाही, दार उघडं ठेवावं तर डास आणि बंद करावं तर घामाच्या धारा. शिवाय दिवसभर गाडी चालवून आल्यावर अंधारात जागा शोधायची, तंबू ठोकायचा, पहाटे चारला उठून ओला-कोरडा गुंडाळायचा, हे रोज पाच दिवस केलं की लेह यायच्या आधीच घरात भांडणं. म्हणून माझं स्पष्ट मत, सपाटीवरच्या रात्री भिंत आणि पंखा असलेल्या खोलीतच काढा. पहाटे चार-साडेचारला निघायचं, अकरा-बाराला थांबायचं, ऊन कलल्यावर पुन्हा दोन-तीन तास, आणि दिवे लागायच्या आत मुक्काम.

खर्चाची काळजी असेल तर आपण नांदेडच्या शेजारची माणसं, हुजूर साहिबचं लंगर आणि यात्री निवास आपल्याला माहीत आहे. या रस्त्यावर ठिकठिकाणी मोठे गुरुद्वारे आहेत, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचा दाता बंदी छोड तर प्रसिद्धच, आणि दिल्लीच्या पुढे तर विचारायलाच नको. बहुतेक ठिकाणी राहायची सोय असते, आधी फोन करून जागा विचारायची, डोकं झाकायचं, तंबाखू-दारू आत न्यायची नाही, आणि जाताना यथाशक्ती काहीतरी पेटीत टाकायचं. बायका-मुलांना घेऊन राहायला इतकी निर्धास्त जागा हायवेवर दुसरी मिळणं अवघड.

आणि तंबूने पैसे वाचतात हे पण जरा तपासून बघा. चौघांना पुरेल असा धड दोन पदरी तंबू, चार स्लीपिंग बॅगा, खाली घालायच्या मॅट, शेगडी, कंदील असं घ्यायला गेलं की वीस-पंचवीस हजार सहज जातात. पाच-सहा रात्रींसाठी एवढं घेण्यापेक्षा थंडीचं सामान तिकडं भाड्याने घ्या, लेहला आणि मनालीला अशी दुकानं पुष्कळ आहेत. विकत घ्यायचाच तर तंबू घ्या, तो आपल्याकडं दिवाळीनंतर पण कामाला येईल.

डोंगरात गेल्यावर मात्र तंबू काढा, तिथं वहिनींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त कुठून चढायचं ते बदला. बरेच जण मनालीकडून चढतात आणि पहिल्याच दिवशी वाटेतल्या सरचूला तंबूत झोपतात. मनाली २००० मीटरच्या आसपास आणि सरचू ४२०० च्या वर, एका दिवसात एवढी उडी मारली की डोकं फुटायची वेळ येते, उलट्या, रात्रभर झोप नाही, आणि मग लोक म्हणतात तंबूत झोप लागली नाही. तंबूचा त्यात काही दोष नसतो, हवाच विरळ असते. आपलं परभणी चारशे मीटरच्या आसपास, आपल्या शरीराला हे नवीनच. साधा नियम असा की ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरच्या वर वाढवायची नाही. म्हणून जाताना श्रीनगरकडून जा, श्रीनगर १६०० च्या जवळपास, कारगिल २७०० च्या आसपास, मग लेहच्या अलीकडे आलचीला एक मुक्काम, मग लेह ३५०० ला. लेहला पहिले दोन दिवस काहीही न करता गेस्ट हाउसमध्ये पडून राहायचं, पोरं कितीही ओरडली तरी. परतताना मनालीकडून उतरा आणि सरचूला न झोपता सरळ त्याच्या खालच्या जिस्पा गावापर्यंत या, पहाटे निघालात तर होतं. लेह सोडताना टाकी फुल्ल पाहिजे, पुढे साडेतीनशे किलोमीटर पंपाचा भरवसा धरू नका. आणि तो रस्ता उघडलाय का हे निघायच्या आदल्या दिवशी तिथं विचारायचं, मे-अखेरीला बर्फाचं काही सांगता येत नाही, बंद असेल तर आल्या वाटेने परत, त्यासाठी दोन दिवस हातात ठेवा.

डोकं दुखत असेल तर पुढे चढायचं नाही, आणि चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो का दिवस, खाली उतरायचं. लेहला सोनम नोर्बू मेमोरियल हे सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं हे पेशंट नेहमीचेच असतात. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का नाही हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुद्दाम सांगा, आणि तुम्हाला बीपी-शुगर काही असेल तर एकदा तपासूनच निघा.

तंबू कुठं ठोकायचा, हा तुमच्या पोटातल्या गोळ्याचा मोठा भाग असणार. उत्तर सोपं आहे, कुणालातरी विचारून, कुणाच्यातरी अंगणात. लेहच्या पलीकडे नुब्रा खोऱ्यात, हुंदरला, होमस्टेवाल्यांच्या जर्दाळूच्या बागा असतात, थोडे पैसे दिले की तिथं तंबू लावू देतात, बाथरूम त्यांचं वापरायचं, जेवण त्यांच्याकडं सांगायचं, आणि रात्री काही वाटलं तर दहा पावलांवर माणसं. जिस्पाला कॅम्पवाले आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने अशाच जागी झोपावं, एकांतातली सुंदर जागा बघून मोहात पडू नये. काश्मीरमध्ये तर तंबूचा विचारच करू नका, रीतसर हॉटेल किंवा होमस्टे, आणि रस्त्याची चौकशी रोज करायची.

नदीकाठ कितीही चांगला दिसू दे, पात्रात किंवा पात्राला लागून तंबू नाही म्हणजे नाही. बर्फाच्या नद्यांना दिवसभर ऊन पडलं की संध्याकाळी पाणी वाढतं, आणि वाटेत धरणं आहेत. २०१४ च्या जूनमध्ये मंडीच्या पुढे बियास नदीत हैदराबादचे चोवीस विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, फोटो काढायला दगडांवर उतरले होते. मनालीहून उतरताना तुम्ही त्याच काठाने येणार आहात, पोरांना तिथं गाडीतून उतरायच्या आधी हे सांगा.

दुसरी अशीच गोष्ट म्हणजे तंबूत शेगडी, सिगडी, हीटर काहीही पेटवायचं नाही, पाच मिनिटं सुद्धा नाही. विषारी वायूला वास नसतो, झोप लागल्यासारखं होतं आणि माणूस उठत नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळात दामनला केरळच्या दोन कुटुंबांतले आठ जण, त्यात चार लेकरं, खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले होते, त्या खोलीतलं एकही वाचलं नाही. थंडी घालवायची ती पांघरुणाने. आणि थंडी वरून कमी, खालून जास्त लागते, म्हणून मॅटच्या खाली घरची वाकळ घाला, गाडी आहे म्हणजे वजनाचा प्रश्न नाही. स्लीपिंग बॅग घेताना त्याच्यावर दोन-तीन आकडे असतात, त्यातला कम्फर्टचा बघायचा, खालचा मोठ्या अक्षरातला नाही, त्या तापमानाला माणूस नुसता जिवंत राहतो, झोपत नाही.

खाण्यापिण्याचं वहिनींनी ठरवलंच असेल, तरी सांगते, येसर, म्हणजे आमटीचं भाजलेलं मसाल्याचं पीठ, भरपूर न्या. लेहला पाणी शंभर अंशाच्या बरंच आधी उकळतं, डाळ-भात उघड्या पातेल्यात शिजतच नाही, छोटा कुकर पाहिजे. येसराचं तसं नाही, पाणी उकळलं, कालवलेलं येसर सोडलं, वर फोडणी, दहा मिनिटांत आमटी, सोबत दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपवा, त्या उन्हात पुढे टिकत नाहीत. फक्त एक बघा, तंबूत गेल्यावर स्वयंपाक, भांडी, अंथरूण-पांघरूण हे सगळं परत वहिनींच्याच वाट्याला येऊ नये. घरी बारा महिने तेच करतात, लेहला जाऊन पण तेच करायचं तर त्यांनी सुट्टी कशाला घ्यायची? तंबू पोरांनी ठोकायचा, भांडी तुम्ही घासायची, असं आधीच ठरवून टाका.

आणि त्यांना एकदा निवांत विचारा की तुला तंबू का पाहिजे. तुम्ही पैसे वाचतात म्हणून असं लिहिलंय, पण मला शंका आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या संसारात तुम्ही चौघं एका जागी, दुकानाचा फोन नाही, शाळेचे पेपर नाहीत, असे किती वेळा झोपलात? कदाचित त्यांना एवढंच पाहिजे असेल, आणि ते चार रात्रींत पण मिळतं, वीस रात्री लागत नाहीत. "तुम्हाला कुठं जायचंच नसतं" हे वाक्य पण त्या लेहबद्दल बोलत नसाव्यात. त्यांनी काही सांगितलं तर मध्ये न बोलता ऐका, लगेच उत्तर द्यायची गरज नाही.

हे सगळं बोलणं झालं की येत्या शनिवारी तंबू घेऊन आखाड्यावर जा. नवीन नसेल तर कुणाचा मागून आणा. बाज बाजूला, चौघांनी आतच झोपायचं. कुठली काठी कशात जाते ते मुलांना उजेडात शिकू द्या, मग एकदा बॅटरीच्या उजेडात परत ठोकायला लावा. वरच्या कापडाच्या शिवणीवर बादलीभर पाणी ओता आणि आत कुठं झिरपतं ते बघा. सकाळी आतून कापड ओलं दिसलं तर घाबरू नका, ती आपल्याच श्वासाची वाफ, वरची खिडकी थोडी उघडी ठेवली की कमी होते. अवकाळीचे दिवस आहेत, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या, ढग गडगडायला लागले की तंबू तसाच सोडून गाडीत जाऊन बसायचं, झाडाखाली मुळीच नाही. नीट झोप लागली नाही तर पुढच्या शनिवारी परत. घरापासून इतक्या लांब जाऊन जे कळणार होतं ते इथं कळलं तर मोटारसायकलवर घरी येता येतं.

बारीक पण महत्त्वाचं, आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, चौघांत निदान दोन पोस्टपेड सिम पाहिजेत, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची. निघायच्या पंधरा दिवस आधी करून घ्या.

शेवटचं, घरात एक नियम करा. गाडी रोज रस्त्याकडे तोंड करून लावायची, किल्ली तंबूच्या एकाच खिशात राहील. रात्री कुणालाही, कशामुळेही बरं वाटलं नाही तर त्याने फक्त "गाडीत" म्हणायचं, सगळ्यांनी उठून गाडीत जायचं, काचा वर, दारं लॉक. का म्हणालास हे सकाळपर्यंत कुणी विचारायचं नाही आणि सकाळी कुणी हसायचं नाही. हा नियम पहिल्यांदा बाबांनीच वापरला तरी चालेल, हे पण पोरांना आत्ताच सांगून ठेवा.